सोनझारी : वाळूतून नालीत

‘सोनझारी’ म्हटलं की सोन्याची झारी डोळ्यांपुढे येते. पण या नावाचा त्या भांड्याशी संबंध नाही. हिंदीतलं ‘झारना’ म्हणजे आपलं झाडणं. सोनं झाडून काढतो तो सोनझारी. देशावर हेच काम करणाऱ्याला झारेकरी म्हणतात, कुठे धूळधोया. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ सालच्या ग्रंथात ‘सोनझारा’ आहेत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली आजही ‘सोनझारी झरेका’ असं नाव सापडतं.

मूळ धंदा नदीचा. बालाघाट-भंडाऱ्याकडचे खडक फार जुने. पाऊस ते झिजवतो आणि सोन्याचे कण वाळूत उतरतात. लाकडी पसरट पात्रात वाळू घ्यायची, पाण्यात गोल फिरवायची, वरचं हलकं सांडून द्यायचं. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. सारी विद्या या फरकावर उभी.

वर्ध्यातही सोनझारी आहेत, पण तिथे ही विद्या नदीवर चालणारी नव्हे. जिल्ह्याचा बहुतेक भाग लाव्हाच्या काळ्या दगडावर बसलेला. त्यातून कापसाची माती निघते, सोन्याची वाळू नाही. अशा मुलखात सोनझाऱ्याची नदी म्हणजे सराफांच्या दुकानांपुढची नाली. कानस फिरली की कण उडतो, कपड्याला, केरसुणीला, पायाला लागून बाहेर पडतो. म्हणून दुकानं उघडायच्या आत रस्ता झाडायचा, नालीचा गाळ घमेल्यात घ्यायचा आणि धुवायचा. सोनाराला हे ठाऊक असतं. दुकानातलं झाडण तो फुकट देत नाही, विकतो.

शेवटी घमेल्यात काळसर रेती उरते आणि तिच्यातले कण नखानेही वेचता येत नाहीत. तेव्हा पारा घालतात. पारा सोन्याला धरतो, मातीला सोडतो. फडक्यातून पिळला की जास्तीचा पारा गळतो आणि मऊ गोळी उरते. ती तापवली की पारा उडून जातो, सोनं राहतं. युक्ती जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लेखक व्हिट्रुव्हियसने जरीचं जुनं कापड जाळून त्याच्या राखेतलं सोनं याच रीतीने काढायची कृती लिहून ठेवली.

उडालेला पारा कुठे जातो, हे कृतीत नव्हतं. तो तापवणाऱ्याच्या छातीत जातो, चुलीभोवतीच्या पोरांच्या छातीत जातो, उरलेला पाण्यात उतरतो. कॅलिफोर्नियात १८४८ नंतर सोन्यासाठी डोंगर पाण्याच्या माऱ्याने फोडले. नद्या गाळाने भरल्या, शेतं बुडाली, आणि १८८४ साली न्यायालयाने तो गाळ नदीत सोडायला बंदी केली. तेव्हा वापरलेला पारा मात्र तिथल्या माशांत अजून सापडतो. पाऱ्याला आवर घालणाऱ्या २०१३ च्या मिनामाता कराराचं नाव जपानमधल्या एका रासायनिक कारखान्याच्या विषबाधेवरून पडलं. पण माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यात आज सर्वांत मोठा वाटा हाताने चालणाऱ्या छोट्या सोनेखाणींचा आहे. भारताने २०१८ मध्ये करार मान्य केला.

कॅलिफोर्नियाने डोंगर फोडले. सोनझारी दुसऱ्यांनी सांडलेलं वेचतो. तरी पारा दोघांना सारखाच लागतो. कण विकत घेणारा सोनार तो तोलून घेतो, पाऱ्याचं वजन कुणी करत नाही. वर्धा नदी पुढे बालाघाट-भंडाऱ्याकडून येणाऱ्या वैनगंगेला मिळते आणि प्राणहिता होते. सोनझाऱ्याची जुनी वाळू आणि नव्या नालीचं पाणी तिथे एकत्र वाहतं.