अन्नपचन व ऊर्जा : भिवापुरी जेवणाच्या आधारे

अन्नातील मोठे रेणू फोडून शोषता येतील असे लहान घटक तयार करण्याच्या क्रियेला पचन म्हणतात. या घटकांपासून पेशी ऊर्जा मिळवतात व शरीर घडवतात, ती क्रिया म्हणजे चयापचय. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर हे तालुक्याचे गाव लाल मिरचीसाठी प्रसिद्ध असून भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ज्वारीची भाकर, भात, तुरीचे वरण आणि मिरचीचा ठेचा हे या भागातले साधे जेवण. तिखटाने अंगात ऊब आल्यासारखे वाटते व घाम फुटतो. शेतात राबायला लागणारी ऊर्जा मात्र भाकर, भात, वरण आणि तेल यांतूनच मिळते.

तोंड व जठर : भाकर चावतानाच पचन सुरू होते. शरीरात दिवसाकाठी सुमारे १ ते १.५ लिटर लाळ तयार होते. तिच्यातील अमायलेज हे विकर पिष्टाचे तुकडे करू लागते, म्हणून घास पुष्कळ चावला की गोडसर लागतो. जठरातील हायड्रोक्लोरिक अम्लामुळे अमायलेजचे काम थांबते आणि पेप्सिन हे विकर वरणातील प्रथिने तोडू लागते.

लहान आतडे : पचनाचा व शोषणाचा मुख्य भाग येथे पार पडतो. स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने व मेद या तिघांवर काम करतो. यकृतात तयार होणारे पित्त फोडणीच्या तेलाचे बारीक थेंब करते, त्यामुळे लायपेज या विकराला ते पचवता येते. शेवटी पिष्टापासून ग्लुकोज, प्रथिनांपासून ॲमिनो अम्ले आणि तेलापासून मेदाम्ले मिळतात. आतड्याच्या अस्तरावरील असंख्य सूक्ष्म रसांकुर हे घटक शोषून घेतात. ग्लुकोज व ॲमिनो अम्ले रक्तावाटे आधी यकृताकडे जातात. मेदाचा बराचसा भाग लसीकावाहिन्यांतून पुढे रक्तात मिसळतो.

मोठे आतडे : येथे पाणी शोषले जाते. ज्वारीच्या व डाळीच्या न पचलेल्या तंतूंवर जीवाणू जगतात आणि त्यातून लहान मेदाम्ले तयार करतात. आतड्याच्या पेशी त्यांचाच इंधन म्हणून उपयोग करतात.

ऊर्जा : १ ग्रॅम कर्बोदके किंवा प्रथिने यांतून सुमारे ४ किलोकॅलरी, तर १ ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पेशीत ग्लुकोजचे आधी पायरुव्हेट होते. ऑक्सिजन असेल तर पुढचे विघटन तंतुकणिकांत क्रेब्ज चक्राद्वारे होते. हान्स क्रेब्ज यांनी हे चक्र १९३७ मध्ये मांडले. मोकळी झालेली ऊर्जा एटीपी या रेणूत साठते आणि स्नायूंचे आकुंचन त्यावर चालते. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते व शरीर उबदार ठेवते. जेवणानंतर इन्सुलिनच्या प्रभावाने जादा ग्लुकोज यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठते. पोट रिकामे असताना ग्लुकागॉन या संप्रेरकामुळे यकृत ते पुन्हा रक्तात सोडते. साठा भरला की उरलेल्या ऊर्जेची चरबी होते.

मिरचीचा परिणाम : तिखटपणा कॅप्सायसिन या संयुगामुळे येतो. बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात, त्या गरात ते सर्वाधिक असते. सुमारे ४३° से. च्या वरची उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंतील टीआरपीव्ही१ या ग्राहीला ते चिकटते, आणि काही भाजले नसतानाही मेंदूला भाजल्याचा निरोप पोचतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ही ग्राही १९९७ मध्ये शोधली. ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून पाण्याने जळजळ नीट शमत नाही. दुधातील केसीन त्याला बांधून ठेवते, म्हणून दूध उपयोगी पडते. मिरचीचे देठ खुडण्याच्या कामात मजुरांचे हात भगभगतात, त्याचे कारणही कॅप्सायसिनच. हातांना आधी तेल चोळून मग साबणाने धुतल्यास आराम पडतो.

जठरव्रणाचा दोष पुष्कळदा मिरचीवर जातो. प्रत्यक्षात बहुतेक व्रण हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूमुळे किंवा काही वेदनाशामक औषधांमुळे होतात. ज्यांना आम्ल घशाशी येण्याचा त्रास आहे, त्यांची जळजळ मात्र तिखटाने वाढू शकते.

पोषणदृष्ट्या महत्त्व : हिरव्या मिरचीतील क जीवनसत्त्व ज्वारी व डाळीतील लोह शोषायला मदत करते, मिरची वाळवताना त्याचा बराच भाग नष्ट होतो. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते आणि तुरीच्या डाळीत ते पुरेसे असते, म्हणून भाकर व वरण एकत्र खाल्ल्याने प्रथिनांचा दर्जा वाढतो. ठेच्यामुळे कोरडी भाकर रुचकर लागते व पोट भरते, पण ठेच्याने डाळीची उणीव भरून निघत नाही. मिरचीच्या शेतात दिवसभर वाकून तोडणी करणाऱ्या बाईच्या शिदोरीत भाकरीसोबत रोज वरण किंवा उसळ असलीच पाहिजे. तिच्या स्नायूंची झीज त्यानेच भरून निघते.