व्हाइटचॅपलच्या तळघरातला दवाखाना



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत यावे आणि कुत्र्या-मांजरांच्या औषधपाण्याचा इतिहास सांगावा, हे काही जणांना चमत्कारिक वाटेल. विषय ऐकून आमच्या युनियनमधल्या एका सहकाऱ्याने मला सरळच विचारले, "माणसांचे प्रश्न सुटले वाटते सगळे?" त्याला मी म्हटले, की गरिबाच्या घरचे जनावर आजारी पडले म्हणजे डॉक्टरची फी, औषधाची किंमत, कामाचा बुडालेला दिवस आणि घरातले रडणे अशा चार गोष्टी एकदम उंबऱ्याशी येऊन उभ्या राहतात. त्यांतल्या पहिल्या तीन तर आपल्याच खात्यातल्या आहेत. चौथीविषयी इतिहासकार फारसे लिहीत नाहीत. आज तिच्याविषयीही थोडे बोलावयाचे आहे.

लंडन शहराच्या पूर्वेकडील भागाला ईस्ट एंड म्हणतात. व्हाइटचॅपल, स्पिटलफील्ड्‌स, बेथनल ग्रीन ही तिथली वस्त्यांची नावे. गोदीतले हमाल, शिलाई कामगार, हातगाडीवर भाजी-फळे विकणारे, असा हा मुलूख. गोदी कामगारांनी १८८९ साली जो मोठा संप केला, तो तासाला सहा पेन्स मजुरी मिळावी म्हणून केला, आणि ती मिळाली तेव्हा त्यांनी मिरवणुका काढल्या. आता दुसरा एक आकडा पाहा. त्याच काळात इंग्लंडात कुत्रा पाळावयाचा तर वर्षाला साडेसात शिलिंग परवाना फी भरावी लागे. साडेसात शिलिंग म्हणजे नव्वद पेन्स. संप जिंकून आलेल्या हमालाचे हे पंधरा तासांचे श्रम झाले, आणि ते केवळ कुत्रा बाळगण्याच्या परवानगीचे! त्याला खाऊ काय घालावयाचे, आजारी पडला तर काय करावयाचे, हा हिशेब निराळाच.

असे असूनही ईस्ट एंडमध्ये जनावरांची वाण नव्हती. स्पिटलफील्ड्‌समध्ये फ्रान्समधून परागंदा होऊन आलेले रेशीम विणकर होते. त्यांना मागाशेजारी गाणारे पक्षी टांगण्याचा शौक होता आणि तो त्यांच्यामागून त्या भागात टिकून राहिला. बेथनल ग्रीनमध्ये क्लब रो नावाच्या रस्त्यावर दर रविवारी पक्ष्यांचा आणि कुत्र्यांचा बाजार भरे. तो थेट १९८३ पर्यंत भरत होता. फेरीवाल्याचे गाढव हे तर त्याचे भांडवलच. गाढव लंगडले की गाडी थांबली आणि गाडी थांबली की चूल थांबली. बरे, जिच्यावर पोट अवलंबून नाही अशी मांजर तरी केवळ हौसेची होती का? तेही नाही. उंदरांनी भरलेल्या खोलीत मांजर ही नोकरीवरच असते, मग घरची मुले तिच्याशी कितीही खेळोत. परोपजीवी कोण आणि उपयोगी कोण, ही श्रीमंताची वाटणी गरिबाच्या घरात चालत नाही.

मग या जनावरांना औषध देत कोण होते? लंडनचे पशुवैद्यक महाविद्यालय १७९१ साली स्थापन झाले. त्याचे सारे लक्ष घोड्यांवर. सैन्याला घोडा हवा, टपालाला हवा, गाडीवाल्या कंपन्यांना हवा, म्हणून घोड्याच्या डॉक्टरला पैसा. पशुवैद्याचा धंदाच अशा रीतीने किमतीशी बांधला गेला होता. जनावराची बाजारातली किंमत जेवढी, त्याच्या आतच उपचाराचा खर्च बसला पाहिजे. या हिशेबाने मांजराची किंमत शून्य आणि म्हणून मांजराचा डॉक्टरही जवळपास शून्य. गरिबांच्या जनावरांसाठी अगदीच काही नव्हते असे मात्र नाही. 'अवर डम्ब फ्रेंड्‌स लीग' या संस्थेने १९०६ साली व्हिक्टोरिया स्टेशनच्या परिसरात इस्पितळ काढले होते. पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. आजारी गाढव घेऊन लंडन ओलांडून जाणे ही काय गोष्ट आहे, हे ज्याने अडलेल्या बाईला चाळीतून केईएमपर्यंत नेले आहे त्याला सांगावयास नको.

या ठिकाणी मारिया डिकिन या बाई येतात. जन्म १८७० चा, वडील धर्मोपदेशक, नवरा हिशेबनीस. समाजसेवेसाठी त्या ईस्ट एंडमध्ये गेल्या, त्या माणसांना मदत करावयास. तिथे त्यांना दिसली ती खरजेने सडलेली, हाड मोडलेली जनावरे आणि त्यांच्याकडे हताशपणे पाहणारी माणसे. पहिले महायुद्ध चालू असताना, १७ नोव्हेंबर १९१७ रोजी, बाईंनी व्हाइटचॅपलमधल्या एका तळघरात दवाखाना उघडला आणि बाहेर पाटी लावली, की जनावर आणा, पैसे लागणार नाहीत. संस्थेचे नाव पुढे 'पीपल्स डिस्पेन्सरी फॉर सिक अॅनिमल्स' असे रूढ झाले. म्हणजे आजारी जनावरांसाठी लोकांचा दवाखाना. या नावात 'लोक' हा शब्द आधी आला आहे, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. थोड्याच वर्षांत घोडागाडीवरचा फिरता दवाखानाही वस्त्यांतून फिरू लागला.

आता खरी कुरबूर सुरू झाली, आणि या भागावर मी जरा अधिक वेळ घेणार आहे, कारण इथे आमच्यासारख्यांची मोठी पंचाईत होते.

डिकिनबाईंच्या दवाखान्यात जनावरे तपासणारे लोक बहुतेक पदवीधर पशुवैद्य नव्हते. संस्थेने स्वतःच शिकवून तयार केलेली ती माणसे होती. हे कायद्याला चालत होते. इंग्लंडात १८८१ साली पशुवैद्यांचा जो कायदा झाला, त्याने 'व्हेटरिनरी सर्जन' या उपाधीला संरक्षण दिले होते, कामाला नाही. उपाधी लावू नका, मग जनावराला औषध कोणीही द्या, असा त्याचा अर्थ. पशुवैद्यांच्या संघटना अर्थातच संतापल्या. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही वर्षानुवर्षे शिकतो, परीक्षा देतो, आणि हे अर्धशिक्षित लोक फुकट औषध देऊन जनावरांचे हाल करतात आणि आमचे पोट मारतात.

हा आवाज ओळखीचा वाटतो की नाही? त्याच वर्षांत इंग्लंडातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हुबेहूब हीच तक्रार चालली होती. युद्धासाठी माल हवा म्हणून सरकारने मार्च १९१५ मध्ये युनियनांशी करार केला आणि कुशल कारागिराच्या कामावर अकुशल हात बसविण्यास मोकळीक घेतली. याला तिकडे 'डायल्यूशन' म्हणत, म्हणजे दुधात पाणी घालणे. क्लाइड नदीकाठच्या कारागिरांनी त्याविरुद्ध झगडा दिला आणि त्यांचे पुढारी हद्दपार झाले. आम्ही युनियनवाले या झगड्याच्या बाजूने आहोत. कौशल्याला दर मिळालाच पाहिजे. शिकाऊ माणसाला अर्ध्या पगारात कारागिराच्या यंत्रावर उभे करणे हा मालकाचा जुनाच डाव आहे. मग त्याच न्यायाने पशुवैद्यांचे म्हणणे खरे मानावयाचे काय?

माझे मत सांगतो. दोन्हींत एक फरक आहे आणि तो निर्णायक आहे. कारखान्यात अकुशल हात आणला जाई, तो कुशल हाताच्या जागी. व्हाइटचॅपलच्या तळघरात तो आणला गेला, तो जिथे कोणीच उभे नव्हते त्या जागी. फेरीवाल्याच्या गाढवाने कोणाही पशुवैद्याचे गिऱ्हाईक कधी होणेच शक्य नव्हते, त्यामुळे त्याचे पोट मारले गेले हे म्हणणे टिकत नाही. परंतु जनावराचे हाल होतात, हा आक्षेप इतक्या सहज उडवून लावता येत नाही. मोडलेले हाड चुकीचे बसविले तर ते फुकट बसविले म्हणून दुखावयाचे थांबत नाही. गरिबाला दुय्यम माल चालतो, ही समजूत परोपकारी लोकांतही असते. तिच्यापासून डिकिनबाई पूर्ण मुक्त होत्या असे मला वाटत नाही. त्यांचे एवढे श्रेय मात्र मानलेच पाहिजे, की १९२८ साली त्यांनी इलफर्ड येथे मोठे पशुरुग्णालय उभारले आणि आपली माणसे तिथे शिकविली.

या वादाचा निकाल लागला तो १९४८ साली. त्या वर्षीच्या कायद्याने पदवी आणि नोंदणी नसलेल्यांना जनावरांवर उपचार करण्याची सर्वसाधारण बंदी केली. जे आधीपासून काम करीत होते त्यांच्यासाठी पुरवणी नोंदवही ठेवली आणि नवी भरती बंद झाली. आणि गंमत पाहा, त्याच वर्षी, ५ जुलै १९४८ रोजी, ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. माणसाला डॉक्टर फुकट झाला त्याच साली जनावराचा डॉक्टर कायद्याने पदवीधरच असला पाहिजे असे ठरले, पण त्याची फी कोणी द्यावयाची हे कोणी ठरविले नाही. तेव्हापासून ब्रिटनमधल्या सामान्य माणसाला वैद्यकीय उपचाराची खरी किंमत कळते, ती बहुधा कुत्र्याच्या बिलावरूनच.

आपल्याकडे काय होते, असा प्रश्न येथे कोणी विचारील. आपल्या मुंबईत हा प्रश्न निराळ्या दारातून आला. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी आणि हिंदू लोकांनी दंगा केला. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. तिथे जनावराला मारावयाचे नाही, हे तत्त्व. बरे करावयाचे, हे तत्त्व नंतर आले. १८७४ साली प्राणिक्रौर्यप्रतिबंधक मंडळी निघाली, पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ झाले आणि १८८६ साली त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय. पैसा मुख्यतः गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांचा. त्याच वेळी, १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने, गिरणीतल्या बारा वर्षांखालच्या पोरांना दिवसाचे नऊ तास काम ठरवून दिले होते, आणि प्रौढ पुरुषाच्या तासांना तर १९११ पर्यंत कायद्याची मर्यादाच नव्हती. इस्पितळ काढले ते वाईट केले असे मी म्हणत नाही. घोडा आणि जॉबरच्या हाताखालचा पोरगा एकाच रस्त्याने जात होते, एवढेच सांगतो.

असो. आता त्या चौथ्या गोष्टीकडे वळू.

जनावर मेल्यावर माणूस रडतो, याची लाज वाटण्याची रीत जुनी आहे. श्रीमंतांनी ती आधी सोडली. लंडनच्या हाइड पार्कमध्ये, व्हिक्टोरिया गेटच्या पहारेकऱ्याच्या बागेत, १८८१ साली चेरी नावाची एक कुत्री पुरली गेली. तिथून पुढे १९०३ पर्यंत छोट्या छोट्या संगमरवरी दगडांची दाटी झाली. पॅरिसजवळ आनिएर येथे १८९९ साली जनावरांची रीतसर दफनभूमी उघडली. तिच्या संस्थापकांत मार्गरीत द्यूरां या होत्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी वर्तमानपत्र चालविणाऱ्या. ईस्ट एंडमधल्या हमालाला दगड कोठून आणि जागा कोठून? त्याच्या मांजराला कचऱ्याच्या गाडीचीच वाट. इलफर्डच्या रुग्णालयाला जोडून दफनाची जागा झाली, ती या दृष्टीने महत्त्वाची.

त्या जागेचा कसोटीचा काळ १९३९ साली आला. ऑगस्टमध्ये सरकारच्या छायेखाली नेमलेल्या समितीने पत्रक काढले, की जनावरांना शहराबाहेर पाठवा, ते जमत नसेल तर त्यांना मरण देणेच दयेचे ठरेल. हुकूम नव्हता, सल्ला होता. ३ सप्टेंबरला युद्ध पुकारले गेले, आणि पहिल्या आठवड्यात एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख कुत्री-मांजरे त्यांच्याच धन्यांनी मारविली. हिल्डा कीन या इतिहासलेखिकेने २०१७ साली यावर सबंध पुस्तक लिहिले आहे. लोक रांगा लावून उभे होते, हातात टोपली किंवा साखळी. लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला तो ७ सप्टेंबर १९४० रोजी, म्हणजे वर्षानंतर! ज्यांना खेड्यात घर होते त्यांनी कुत्रे खेड्यात पाठविले. ज्यांना एकच खोली होती ते रांगेत उभे राहिले. अनेक जनावरे इलफर्डला पुरली गेली. याच डिकिनबाईंनी १९४३ साली युद्धात कामगिरी केलेल्या जनावरांसाठी पदक सुरू केले. १९४९ पर्यंत ते ५४ जनावरांना मिळाले, त्यांत ३२ कबुतरे आणि एकच मांजर. सायमन नावाचे ते आरमारी बोके इलफर्डलाच पुरलेले आहे. रांगेतल्या चार लाखांचे नाव कोणत्याही दगडावर नाही.

डिकिनबाई १९५१ साली वारल्या. त्यांची संस्था आजही चालते, पण उपचार मिळतात ते मुख्यतः सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना. त्या रेषेच्या किंचित वर असलेला, म्हणजे नोकरी असलेला पण हातात पैसा न उरणारा माणूस बाजारात उभा आहे. आणि बाजार बदलला आहे. १९९९ पर्यंत ब्रिटनमध्ये दवाखान्याचा मालक पशुवैद्यच असे. त्या वर्षी नियम सैल झाला आणि भांडवल आत आले. २०१३ साली दहांतला एक दवाखाना मोठ्या साखळ्यांच्या हातात होता, तो दहा वर्षांत दहांतले जवळपास सहा झाले. २०१६ ते २०२३ या काळात सरासरी दर ६३ टक्क्यांनी वाढले, असे तिथल्या स्पर्धा आयोगाने २०२५ मध्ये म्हटले. मेलेल्या जनावराच्या दहनाचे दरही त्याने चौकशीत घेतले, कारण काही साखळ्यांच्या मालकीची दहनगृहेही आहेत. रडणारा माणूस भाव करीत नाही, हे व्यापाऱ्याला नेहमीच ठाऊक असते.

या दरांतले किती पैसे जनावराला हात लावणाऱ्याकडे जातात? २०२४ च्या जुलैत दक्षिण वेल्समध्ये एका साखळीच्या दवाखान्यांतले पशुवैद्य, परिचारिका आणि खिडकीवर बसणारे कर्मचारी पगारासाठी संपावर गेले. 'युनाइट' या मोठ्या युनियनची पशुवैद्यकांची शाखा त्यांच्यामागे होती. ब्रिटनच्या खाजगी पशुवैद्यकीय धंद्यातला हा पहिला संप. पदवीधर डॉक्टर आणि खिडकीवरची बाई एकाच फलकाखाली उभी राहिली, ती अशी.