जन्मतः न रडलेल्या बाळासाठी ‘कूलिंग’ उपचार

‘बाळ लगेच रडले नाही, त्याला थंड ठेवावे लागेल,’ असे डॉक्टर सांगतात तेव्हा घरचे गोंधळून जातात. नवजात बाळाला तर ऊब द्यायची असते, मग थंड कशासाठी?

थंडाव्याने काय होते?
प्रसूतीच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन व रक्त कमी पडले, तर काही पेशी लगेच मरतात. उरलेल्या पेशी काही तास सावरल्यासारख्या दिसतात, पण नंतर त्यांना पुन्हा इजा होऊ लागते. शरीराचे तापमान उतरवले की पेशींची ऊर्जेची गरज घटते आणि ही दुसरी इजा कमी होऊ शकते. म्हणून उपचार जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू करतात. मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत.

कोणत्या बाळांना?
साधारण ३६ आठवडे किंवा अधिक दिवस भरलेल्या आणि मेंदूला मध्यम किंवा तीव्र इजा झाल्याची लक्षणे असलेल्या बाळांना. बाळ सुस्त असणे, हातपाय ढिले पडणे, दूध न ओढणे, झटके येणे ही ती लक्षणे. केवळ उशिरा रडले म्हणून हा उपचार देत नाहीत.

यंत्र कसे काम करते?
बाळाला गार पाणी फिरणाऱ्या गादीवर किंवा वेष्टनात ठेवतात. गुदद्वारातील सेन्सर तापमान सतत मोजतो. ते ७२ तास सुमारे ३३.५ अंश सेल्सिअस राखतात आणि नंतर ताशी साधारण अर्धा अंश वाढवत पूर्ववत आणतात. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहकार्याने ‘मिराक्रेडल’ हा पाळणा तयार झाला. त्यातील पदार्थ ठरावीक तापमानाला वितळताना उष्णता शोषून घेतो.

फायदा किती, धोके कोणते?
प्रामुख्याने श्रीमंत देशांतील अभ्यासांत सुमारे ७ बाळांना हा उपचार दिल्यावर एकाचा मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व टळल्याचे दिसले. परंतु भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ‘हेलिक्स’ अभ्यासात (२०२१) असा फायदा दिसला नाही. उलट थंड केलेल्या गटात ४२ टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात ३१ टक्के बाळे दगावली. त्यामुळे आपल्याकडे हा निर्णय सुसज्ज एनआयसीयूमधील तज्ज्ञांनी बाळ पाहूनच घ्यायला हवा. हृदयाचे ठोके मंदावणे, रक्तदाब उतरणे, प्लेटलेट कमी होणे असे दुष्परिणाम संभवतात.

डॉक्टरांना हे विचारा
• बाळाची इजा किती तीव्र आहे?
• इथे या उपचाराचा अनुभव व २४ तास देखरेख आहे का?
• आमच्या बाळाच्या बाबतीत फायदा व धोका काय?
• एमआरआय आणि पुढील तपासण्या केव्हा?

घरच्यांनी काय करावे?
बर्फ, ओला कपडा किंवा गार पाणी वापरून बाळाला स्वतः थंड करू नका. अनियंत्रित थंडी जीवघेणी ठरू शकते. दुसऱ्या रुग्णालयात नेताना बाळाला किती गुंडाळायचे, हेही डॉक्टरांनाच विचारा. उपचार चालू असताना परिचारिकेला विचारून बाळाला हात लावता येतो, त्याच्याशी बोलता येते. आईने दूध काढत राहावे, म्हणजे पान्हा टिकतो. बाळ घरी आल्यावर ठीक वाटले तरी वाढ, हालचाल, ऐकणे व पाहणे यांच्या तपासण्या चुकवू नका. काही अडचणी महिन्यांनी लक्षात येतात, आणि त्या लवकर कळल्या तर फिजिओथेरपीसारखी मदतही वेळेवर सुरू करता येते.