गोधडीतला बाजार: रायपूरच्या गोल बाजारावरून एक टिपण

गोधडी ही खेड्यातली लोककला, असे सांगून अनेक पुस्तके पुढे जातात. या पाठात आपण उलट बाजूने पाहू. गोधडीच्या नक्षीचे कितीतरी धागे शहरातल्या बाजाराकडे जातात.

रायपूरमध्ये हे नीट दिसते. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात मराठी कुटुंबे इकडे आली; तात्यापारा हे वस्तीचे नावच बोलके आहे. मराठी घरातली गोधडी आणि छत्तीसगडी घरातली कथरी यांची रीत सारखीच: जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक घालून धावदोरा घालायचा.

हातमागाचे कापड विरेपर्यंत वापरले जाई आणि त्यात रंगही मोजकेच असत. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, १८९० च्या दशकात राजनांदगावात गिरणी निघाली, आणि बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूर मोठ्या बाजारपेठांशी जोडले. गोल बाजारासारख्या पेठांत छापील चीट, चौकडीचे कापड स्वस्तात मिळू लागले. शिलाई यंत्र आले तशी शिंप्याकडे कातरण साचू लागली. गळा आणि बगल कापताना त्रिकोणी, अर्धगोल तुकडे उरतात, काठाच्या पट्ट्या उरतात. गोधडीतला त्रिकोण पाहून लगेच डोंगर किंवा देऊळ आठवणाऱ्यांनी आधी शिंप्याची कात्री आठवावी!

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात असेच घडले. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीकडून तिला कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्ऱ्यांचे काम मिळाले. उरलेले जाड तुकडे जवळच्या जीज बेंडमधल्या घराघरांत गेले आणि तिथल्या गोधड्यांचे रूप पालटले.

बाजार कापड देतो, तसे घेऊनही जातो. जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण दारात आली, की लुगड्याला किंमत येते. पातेले घ्यायचे की पांघरूण शिवायचे, हा हिशेब घरातली बाई करते. तो कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही. कोणते कापड गोधडीत उरले यावरूनच त्याचा अंदाज बांधता येतो.

आता नजरेचा प्रश्न. मसाल्यांच्या राशी, बांगड्यांच्या माळा, दुकानांची गोलाकार रांग यांतून शिवणारीला नक्षी सुचू शकते, आणि आजचे डिझायनर तसे मुद्दाम करतात. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. पुष्कळ गोधड्यांत टाके कडेपासून मध्याकडे चौकोनात चौकोन घालत जातात. ते बाजाराच्या आखणीसारखे दिसतात, म्हणून तिथूनच आले असे ठरत नाही. गोधडी जमिनीवर पसरून शिवायची, तेव्हा कडा आधी बांधून आत सरकणे सोयीचे पडते. कर्नाटकातल्या हल्याळ भागातल्या सिद्दी स्त्रिया तर ठिगळेही कोपऱ्यापासून आत लावत जातात.

स्वाध्यायासाठी घरातली एखादी जुनी गोधडी घ्या. कोणते कापड हातमागाचे, कोणते गिरणीचे, कोणते पॉलिएस्टर, ते वेगळे करा. मात्र वरचे ठिगळ नंतरच्या डागडुजीचे असू शकते. त्यामुळे काळ ठरवताना कड जिथे उसवली आहे, तिथून आतले थर आधी पाहावेत.