झिलई : रंग व पृष्ठदोष (भद्रावती)

भाजलेल्या मातीच्या भांड्यावर चढवलेला पातळ काचमय थर म्हणजे झिलई. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती (भांदक) हे तालुक्याचे ठिकाण मातीच्या भांड्यांच्या कामासाठी ओळखले जाते ते मुख्यतः कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी स्थापन केलेल्या ग्रामोदय संघामुळे. संघाच्या कामामागे अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा (वर्धा, १९३४) विचार आहे.

रंगद्रव्ये : कोबाल्ट ऑक्साइड ०.५ ते १ टक्का घातल्यास गडद निळा, तांब्याचे ऑक्साइड २ ते ४ टक्के घातल्यास हिरवा रंग येतो. अल्कलीयुक्त झिलईत तांबे फिरोजी छटा देते. भट्टीत हवा कमी पडल्यास तेच लाल होते. लोह १ ते ३ टक्के असता मधासारखा, ८ ते १० टक्के असता काळपट तपकिरी रंग मिळतो. झिलईत जस्त असेल तर क्रोमचा हिरवा मळकट तपकिरी होतो. म्हणून रंग फसला की रंगद्रव्याइतकीच झिलईची घटना आणि भट्टीची हवाही तपासावी लागते. निळे ठिपके मात्र बहुधा कोबाल्ट नीट न दळल्याने पडतात.

नक्षी : झिलईखाली, झिलईवर किंवा कोरून.

दोष व उपाय : (१) बारीक तडे : थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसते. भट्टीतून काढलेले भांडे कधी कधी काही दिवस टिणटिणत राहते. शाई चोळून पुसली की तड्यांची जाळी उमटते. झिलईत सिलिकेचे प्रमाण वाढवणे हा नेहमीचा उपाय. (२) पापुद्रे सुटणे : याच्या उलट कारणाने, काठावर व मुठीवर आधी दिसते. (३) झिलई गोळा होऊन माती उघडी पडणे : धूळ, तेलकट बोटे किंवा जाड थर. बिस्किट (एकदा भाजलेले, झिलई न चढवलेले भांडे) ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. (४) सूक्ष्म छिद्रे : माती वा झिलईतून सुटणारा वायू. पहिली भाजणी सावकाश करावी, शेवटच्या तापमानावर भट्टी थोडा वेळ धरावी. (५) निस्तेजपणा, फोड : कोळशाच्या धुरातील गंधक हे एक कारण, सॅगरमध्ये (भट्टीत भांडी ठेवायच्या मातीच्या पेटीत) झाकून भाजल्यास बचाव होतो. (६) भांडे तडकणे : सुमारे ५७३° से.ला क्वार्ट्‌झचे आकारमान बदलते; या टप्प्यात भट्टी उघडू नये.

चाचणी : एका वेळी एकच घटक बदलून, क्रमांक घातलेल्या फरशीच्या तुकड्यांवर.

आरोग्य : शिसेयुक्त झिलईत तांबे मिसळल्यास आंबट पदार्थांत शिसे अधिक उतरते; लोणच्याच्या बरणीला ती वर्ज्य.