काचेतून कागदावर उतरलेली लेणी

शेजारच्या जिल्ह्यातली वेरूळची लेणी आपल्यातल्या कितीतरी जणींनी पाहिली असतील. फोटो नव्हते तेव्हा त्यांची चित्रं कशी काढली, ते आज ऐकूया.

पेशवाईच्या उतरत्या काळात पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट वेरूळला गेले. त्यांनी लेणी कागदावर उतरवली.

पुढे १८०६ साली इंग्लंडात वोलास्टन यांनी ‘कॅमेरा ल्युसिडा’ हे साधन नोंदवलं. नाव कॅमेरा, पण त्यात फोटो निघत नाही. दांडीवर बसवलेला काचेचा एक लहान लोलक, एवढंच. त्याच्या कडेवरून खाली पाहिलं, की समोरचा खांब आणि कागद एकदमच दिसतात. त्या खांबावरून पेन्सिल फिरवायची. डोकं जरा हललं, की चित्र सरकतं. जेम्स फर्ग्युसन हे बंगालमधले निळीचे व्यापारी असं साधन घेऊन देशभर हिंडले. लेण्यांवरचं त्यांचं पुस्तक १८४५ साली निघालं.

आपणही करून पाहू. फोटोफ्रेमची काच टेबलावर उभी धरा. डावीकडे उजेडात कशिद्याचा नमुना, उजवीकडे कोरा कागद. डावीकडून काचेत पाहा. नमुना कागदावर दिसेल. डावं-उजवं मात्र उलटं येईल.

आजीच्या गोधडीची नक्षी विरण्याआधी अशी उतरवून ठेवू. खाली तारीख घालू आणि जिनं ती शिवली, तिचं नावही लिहू. नक्षी टिकते, पण करणारीचं नाव मागे राहतं. ते आता राहू द्यायचं नाही.