सोनं हरलं, बिस्मथ जिंकलं

१८७४ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी गॅलेनाच्या स्फटिकावर धातूची तार टेकवली. वीज एका दिशेनं सहज गेली, उलट दिशेनं अडून बसली. धातू आणि स्फटिक यांच्या सीमेवरच्या या अडथळ्याचं गणित १९३८ मध्ये वॉल्टर शॉटकी यांनी मांडलं.

२०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला मॉलिब्डेनम डायसल्फाइड या अर्धवाहकाच्या एकाच थराचा ट्रान्झिस्टर झाला. जाडी ०.६५ नॅनोमीटर, वीज आत-बाहेर नेणारे जोड सोन्याचे. एवढ्या पातळ पापुद्र्यावर तापलेल्या धातूची वाफ बसवायची म्हणजे उभ्या पिकावर गारपीटच! गंधकाचे अणू उखडतात. मग धातू कोणताही घ्या, जोडाच्या सीमेवरचा तो अडथळा फारसा कमी होत नाही.

२०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी धातूची पट्टी वेगळी बनवून अलगद वर ठेवली. उपाय देखणा खरा, पण कारखान्यात अब्जावधी ट्रान्झिस्टरांवर असं ठेवत कोण बसणार?

२०२१ मध्ये एमआयटी आणि तैवानच्या संशोधकांनी बिस्मथ लावलं. या अर्धधातूत जोडाच्या ऊर्जापातळीजवळ इलेक्ट्रॉनांना जागा फार थोड्या, म्हणून अडथळा जवळपास उभाच राहत नाही. जोडाचा रोध १२३ ओहम-मायक्रोमीटरवर आला. मात्र बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसलाच वितळतं. चिप बनताना त्याहून जास्त तापते. २०२३ मध्ये नानजिंगच्या गटानं ६३० अंशांपर्यंत टिकणारं अँटिमनी वापरून रोध ४२ वर आणला.